मधली ३५ वर्षं : पिंपरीत जुळलेल्या मर्सिडीजविषयी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता मर्सिडीजवर बोलणार?" विचारण्यात थोडी थट्टा होती, थोडी काळजीही होती. (हशा) तर उत्तर आधीच देऊन टाकते. मला गाडी चालवता येत नाही. गाडीतलं जे काही कळतं ते वाचून आणि गॅरेजवाल्यांचं डोकं खाऊन कळलेलं आहे. पण एखादी वस्तू 'चांगली' आहे असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, आणि ती वस्तू जुनी झाली की तिचा चांगुलपणा कुठे जातो, हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे. त्यासाठी या गाडीइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

गाडीचं नाव डब्ल्यू १२४. हे नाव गाडीवर कुठेही लिहिलेलं नसतं. ते कंपनीच्या आतलं नाव. डब्ल्यू म्हणजे 'वागेन', जर्मन भाषेत गाडी. १९८४च्या अखेरीस ती लोकांसमोर आली, पुढची साधारण १२ वर्षं बनत राहिली, आणि सेडान, इस्टेट, कूपे, उघड्या टपाची अशी सगळी रूपं मिळून २५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आपल्याशी तिचं नातं असं की भारतात जुळणी होऊन बाहेर पडलेली पहिली मर्सिडीज मोटार ती हीच. १९९५ साली, पुण्याजवळ पिंपरीत.

आता या गाडीवर जे लिहिलं जातं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : 'ही शेवटची खरी मर्सिडीज.' जर्मन लिहितात, इंग्रज लिहितात, हल्ली आपल्याकडचे जुन्या गाड्यांचे शौकीनही लिहितात. आज मला या वाक्याची जरा झडती घ्यायची आहे. ते साफ खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्याकडे घडलंय.

आधी त्यातलं खरं काय ते पाहू. या गाडीला एकच वायपर आहे. समोरच्या एवढ्या रुंद काचेला एक. साधा एक वायपर अर्धगोल फिरतो आणि वरचे दोन्ही कोपरे कोरडे सोडतो, म्हणजे पुसत नाही. यांनी काय केलं, तर वायपरच्या मुळाशी अशी यंत्रणा बसवली की दांडा फिरता फिरता कोपऱ्याकडे लांब होतो, मध्ये आखडतो, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे लांब होतो. त्याची वाट इंग्रजी एम अक्षरासारखी उमटते. काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. आपल्या आषाढातला पाऊस ज्यांनी गाडीतून पाहिला आहे त्यांना या ८६ टक्क्यांची किंमत मी सांगायला नको. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो वायपर विचित्र वाटतो, जरा विनोदीसुद्धा. पण त्यात दिखाऊ असं काही नाही. काच पुसायची आहे, ती जास्तीत जास्त पुसली गेली पाहिजे, एवढंच.

तसेच तिचे बाहेरचे आरसे. बरीच वर्षं या गाडीचे डावा-उजवा आरसा एकसारखे नव्हते. एक आडवा, रुंद. दुसरा जवळजवळ चौकोनी. का, तर ड्रायव्हर दोन्ही आरशांकडे सारख्या अंतरावरून, सारख्या कोनातून बघत नाही. मग आरसे सारखे का असावेत? सजावट करणारा माणूस आधी जोडी जुळवतो. यांनी डोळा कुठे आहे ते आधी पाहिलं.

मागच्या चाकांचं सस्पेन्शन पाच दांड्यांचं. प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं, म्हणजे खड्ड्यात एक चाक गेलं तरी ते भलत्या दिशेला वळत नाही. ही रचना त्यांनी १९८२ साली त्यांच्या लहान १९० मॉडेलमध्ये पहिल्यांदा आणली आणि मग इथे वापरली. वारा कापण्याचा आकडा ०.२९ ते ०.३०च्या आसपास, त्या काळात या आकाराच्या गाडीला फार चांगला. हे तपशील मी भराभर सांगते, कारण मला ज्या माणसाकडे यायचं आहे तो म्हणजे ब्रूनो साक्को.

साक्को मूळचा इटलीतल्या उदिने गावचा. १९७५ ते १९९९ तो मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचा प्रमुख होता. २०२४ साली वारला. त्याची दोन तत्त्वं होती. एक, एकाच काळातली आपली लहान-मोठी सगळी मॉडेलं एका घरातली दिसली पाहिजेत. हे समजण्यासारखं आहे, धंद्याचंच आहे. दुसरं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं : नवीन मॉडेल आलं म्हणून आधीचं मॉडेल जुनाट दिसता कामा नये. त्याला तो 'उभं नातं' म्हणायचा, वडील आणि मुलगा यांच्यात असतं तसं. विचार करा, गाड्यांचा सगळा बाजार कशावर चालतो? शेजाऱ्याची नवीन गाडी बघून तुम्हाला तुमची जुनी वाटली पाहिजे, यावर. आणि इथे एक माणूस त्या बाजाराच्या अगदी मध्यावर बसून म्हणतोय की कालच्या गिऱ्हाइकाला आज लाज वाटता कामा नये. डब्ल्यू १२४ आजही रस्त्यात दिसली तर जुनी दिसते, जुनाट दिसत नाही. हा फरक मराठीत एका 'ट'वर उभा आहे. (हशा)

आता 'लक्झरी' या शब्दाकडे येते. आपल्याकडे ही गाडी म्हणजे उद्योगपती, नट, मंत्री. जर्मनीत ही गाडी म्हणजे स्टेशनाबाहेर उभी असलेली टॅक्सी, फिकट पिवळ्या रंगाची. तिच्यात बसून लोक दवाखान्यात जात. तीच गाडी, तेच पाच दांड्यांचं सस्पेन्शन. पोर्शे कंपनीच्या मदतीने बनवलेली ५०० ई नावाची भयंकर वेगवान आवृत्ती निघाली, सुमारे साडेदहा हजार बनल्या, ती श्रीमंतांची. पण बाकीचा मोठा गठ्ठा मध्यमवर्गाचा आणि टॅक्सीवाल्यांचा. म्हणजे 'लक्झरी' हा गाडीचा गुण नव्हे. गाडी आणि तिच्याभोवतीचा समाज यांच्यामधल्या अंतराचं ते माप आहे. जर्मनीत ते अंतर कमी होतं. पिंपरीत ती उतरली तेव्हा अंतर प्रचंड होतं, म्हणून तीच वस्तू इथे चैन झाली. या गाडीला मी चैनीची वस्तू म्हणणार नाही. मी तिला टिकाऊ वस्तू म्हणेन, आणि टिकाऊपणा आपल्याकडे चैन का ठरावा, हा मला प्रश्न आहे.

तिच्याहून जुन्या एका मॉडेलची गोष्ट सांगते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ची मर्सिडीज २४० डी चालवली, ४६ लाख किलोमीटर. २००४ साली कंपनीने ती त्याच्याकडून घेतली आणि श्टुटगार्टच्या संग्रहालयात ठेवली. राजाची गाडी संग्रहालयात जाते, त्यात नवल नाही. इथे टॅक्सी गेली.

बरं, मग 'शेवटची खरी' का? सांगतात ते असं : तोपर्यंत त्या कंपनीत आधी इंजिनियर गाडी बनवत, मग हिशेबनीस किंमत लावत. १९८९ साली जपानी लेक्ससने तशीच शांत, तशीच नीट मोटार कितीतरी कमी किमतीला आणली. मग जर्मनांनी क्रम उलटा केला. आधी किंमत, मग तेवढ्यात बसेल ती गाडी. डब्ल्यू १२४च्या नंतर जी डब्ल्यू २१० आली, तिला गंज लागण्याची तक्रार जगभर झाली. तेव्हा आधीची सोन्याची आणि नंतरची पितळेची, अशी ही कथा.

या कथेत सत्ययुगाचा वास येतो, आणि असा वास आला की माझे कान टवकारतात. कारण खुद्द या सोन्याच्या गाडीतही दोष होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडायचं. उघड्या तारा एकमेकींना चिकटायच्या. पंचवीस वर्षं टिकेल अशा लोखंडाच्या आत आठ-दहा वर्षांत कुजणारी वायर. म्हणजे हिशेबनीस आत शिरलेलाच होता, किंवा निदान कोणाचीतरी घाई शिरलेली होती. शौकीन लोक हे सांगतात, पण तळटीप म्हणून सांगतात. दुसरं असं की, ज्या गाड्या कुजल्या, ठोकल्या, भंगारात गेल्या त्या आज साक्ष द्यायला हजर नाहीत. उरल्या त्याच बोलतात. गावातली शंभर वर्षांची आजी बघून 'जुनी माणसं काय काटक होती' म्हणावं, तसं हे आहे. तिच्या बरोबरीच्या किती लहानपणीच गेल्या ते कोण मोजतो?

नावातही हाच काळ दिसतो. पूर्वी मॉडेलच्या आकड्याच्या शेवटी ई यायचा, ३०० ई वगैरे. तो 'आइनश्प्रित्सुंग'चा, म्हणजे पेट्रोल फवारून आत सोडण्याच्या पद्धतीचा. १९९३ साली ई उचलून पुढे आणला, ई २२०, आणि ती 'ई-क्लास' झाली. शेवटी होता तेव्हा ई यंत्राबद्दल काही सांगत होता. पुढे आल्यावर तो फक्त इयत्ता सांगू लागला.

आता पिंपरी. पण पिंपरीला जायचं तर आधी जमशेदपूरला जावं लागेल. १९५४ साली टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा ट्रक बनवण्याचा करार झाला. माझ्या पिढीच्या लोकांनी तो तीन पाकळ्यांचा तारा पहिल्यांदा पाहिला तो कुठल्या साहेबाच्या गाडीवर नव्हे, ट्रकच्या तोंडावर. टाटा-मर्सिडीज-बेंझ. १९६९ला करार संपला, तारा गेला, त्या जागी टाटांचा टी आला, आणि ट्रक चालतच राहिला. मधल्या १५ वर्षांत आपले लोक शिकले होते. या शिकण्यामागचं मोठं नाव सुमंत मूळगांवकर. पुण्याचा कारखाना त्यांनी उभारला. सुमो गाडी, जिच्यात आपण सगळे दाटीवाटीने लग्नाला गेलो आहोत, तिचं नाव त्यांच्या नावावरून, सु आणि मो. ती आली १९९४ला. मूळगांवकर तोवर नव्हते, १९८९लाच गेले.

त्याच १९९४ साली मर्सिडीज आणि टेल्को पुन्हा एकत्र आले, यावेळी मोटारीसाठी. टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात जुळणी सुरू झाली आणि १९९५ला ई २२० बाहेर पडली, डिझेलची ई २५०ही आली. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्याच वर्षी युरोपात डब्ल्यू २१० बाजारात आली होती. म्हणजे तिकडे जिची पाठवणी झाली ती इकडे नवी नवरी म्हणून उतरली. तेव्हा त्यावर नाकं मुरडली गेली, आणि ती काही अगदीच चूक नव्हती. गाडी अपेक्षेएवढी खपलीही नाही. पुढे टाटा त्यातून बाहेर पडले, आणि २००९ला मर्सिडीजने चाकणला स्वतःचा कारखाना काढला. पण आज मागे वळून पाहता गंमत अशी की, त्यांनी आपल्याला जे 'जुनं' म्हणून दिलं तेच जग 'शेवटचं खरं' म्हणून कवटाळतंय.

पण ती 'पिंपरीची' म्हणायची का? सुटे भाग जर्मनीहून पेट्यांतून येणार, इथे जोडणार. हा आक्षेप मला अनेकांनी ऐकवला आहे. इथे मला मिलिंद राजा आठवतो. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय त्याच्याच नावाचं. नागसेन भिक्खू त्याला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? तर या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हा शब्द वापरला जातो, एवढंच. मी यात एक पदर जोडते. भाग आणि शब्द यांच्यामध्ये हात असतात. पिंपरीत ज्या हातांनी ते भाग जोडले, आणि नंतर ३० वर्षं ज्या हातांनी ते उघडून पुन्हा बसवले, त्यांच्यामुळे तो रथ राहिला. ते हात आपल्याकडचे होते. म्हणून माझ्यापुरती ती पिंपरीची.

आणि आता ती मधली ३५ वर्षं. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. नंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नूतनीकरण, तपासणी, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाली. दिल्लीत तर डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची हद्दच घातली गेली, गाडी कशीही असो. दुसऱ्या टोकाला, २०२१च्या जुलैत केंद्राने 'विंटेज' गाड्यांचे नियम केले. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं, गाडीला मान. वय किती हवं? ५० वर्षं. म्हणजे १५व्या वर्षी शंका सुरू होते आणि ५०व्या वर्षी आदर सुरू होतो. मध्ये ३५ वर्षं ती गाडी कोण आहे? नवी नाही, वारसा नाही. कायद्याला तिच्यासाठी शब्द नाही. पिंपरीची पहिली गाडी वारसा ठरेल २०४५ साली. तोवर मालकाने फी भरत, कर भरत, सुटे भाग शोधत थांबायचं.

जर्मनीत काय करतात? तिथे १९९७पासून नंबरप्लेटच्या शेवटी एच हे अक्षर मिळतं. अट ३० वर्षं, आणि तज्ज्ञाने तपासून सांगायला हवं की गाडी मूळ रूपात, चांगल्या स्थितीत आहे. कर ठरावीक. म्हणजे त्यांच्या डब्ल्यू १२४ केव्हाच वारसा झाल्या, आणि आपल्या, त्याच साच्यातल्या, संशयित आहेत.

यावर प्रदूषणाचा मुद्दा येतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. जुन्या डिझेलचा धूर खरा आहे, तो गरिबाच्या फुप्फुसात आधी जातो. रोज शहरात धावणाऱ्या जुन्या ट्रक-टेंपोंबद्दल सरकार कडक झालं तर मी सरकारच्या बाजूने उभी राहीन. माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. धूर मोजायचा तर धूर मोजा, वय कशाला मोजता? आठ वर्षांची हयगय केलेली गाडी पास, आणि निगुतीने राखलेली तीस वर्षांची नापास, यात हवेचं काय भलं झालं? आणि वारशाची अट ५०वरून ३०वर आणली, वर्षाला ठरावीक किलोमीटरचंच बंधन घातलं, तर असा किती धूर वाढणार आहे? मूठभर गाड्या आहेत.

मायकल थॉम्पसन नावाच्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९७९ साली 'रबिश थिअरी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : काही वस्तूंची किंमत दिवसेंदिवस उतरते, काहींची चढते, आणि उतरत्या रांगेतून चढत्या रांगेत जायचा रस्ता कचऱ्यातून जातो. आधी कोणालाच नको होते, मग एक दिवस कोणीतरी उचलते. विचार पटण्यासारखा आहे. पण त्याला कचरा हे एक शांत कोठार वाटतं, वस्तू तिथे पडून राहते, वाट बघते. लोखंड, कागद, चामडं हे वाट बघत नाहीत. सडतात. आणि आता तर त्या कोठाराच्या दारात आपण भंगाराचं यंत्र उभं केलं आहे.

हे पिंगुळीत सांगावं लागू नये. इथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आज पाहायला परदेशातून लोक येतात. २०२१ला परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी अभिमान मिरवला. पण सावंतवाडीच्या राजाश्रयाचे दिवस संपले आणि पद्मश्री यायची होती, त्या मधल्या काळात काय होतं? सिनेमा होता, टीव्ही होता, आणि 'आता ह्या कोण बघतला?' हा प्रश्न होता. ज्यांनी तेव्हा पोथी जपली त्यांना ती वारसा आहे असं कोणीही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या घरी ती फक्त आजोबांची पोथी होती. संग्रहालय झालं तेही गुरांच्या गोठ्याच्या जागेत. चित्रकथी आणि मर्सिडीज एकाच तराजूत घालते आहे असं समजू नका. एका बाजूला देवाची कथा आणि पोट, दुसऱ्या बाजूला यंत्र. सारखा आहे तो मधला काळ.

वेळ होत आला. दोन प्रश्न घेते.

पहिला प्रश्न चिठ्ठीवर आलाय : "गाडी श्रीमंतांची. राहिली काय, गेली काय, आमचं काय जातं?" रास्त प्रश्न आहे. मालकाचं काय जातं ते मालक बघेल. माझा डोळा मेकॅनिकवर आहे. ज्याला त्या पाच दांड्या कानाने कळतात, कुठली खडखडते ते गाडीखाली न जाता सांगतो, ठिसूळ झालेली वायर सोलून नवी ओवतो, असा माणूस दहावी नापास असेल आणि त्याच्याकडे चाळीस वर्षांची विद्या असेल. आजच्या गाडीत तो संगणक जोडतो आणि संगणक सांगेल तो भाग बदलतो. जुनी गाडी गेली की त्याच्या विद्येला हात घालायला वस्तूच उरत नाही. ती विद्या श्रीमंतांची नव्हती, तुमच्या-आमच्या घरातल्या मुलांची होती. कोकणातून पुण्या-मुंबईला गॅरेजात गेलेली पोरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

दुसरा प्रश्न, मागे बसलेला मुलगा विचारतोय : "बाई, ५० वर्षांनी व्हीए नंबर मिळाला की मग ती गाडी रोज चालवता येईल?" नाही रे बाळा. नियमात लिहिलंय की ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल, आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे २०४५ साली ती कुडाळात पेट्रोल भरायला जाऊ शकेल. बाजाराला नाही.